पंपाचा भाव

सिरिसोमांनी काउंटरवरचा ब्रेकचा पंप उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला.

"मामा, अत्तर नाही ते," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच हुंगतोय. खारं पाणी शिरलंय यात. जपानहून येताना बोटीत भिजलाय हा." पंप खाली ठेवून त्यांनी बोटं रुमालाला पुसली. "टोयोटाचा ना? केवढ्याला देतोस?"

"नऊ हजार. तुम्हाला साडेआठ."

"आणि निसानचा?"

"साडेसात. मामा, तुमची गाडी कुठली ते तरी सांगा."

"सांगतो ना. माझदाचा?"

तुषारी दुकानाच्या पायरीवर उभी होती. समोरच्या माडीच्या कठड्याला बंपर बांधून ठेवले होते, फुटपाथवर पोती अंथरून इंजिनं मांडली होती आणि त्यांच्यामधून रिक्षावाले हॉर्न मारत वाट काढत होते. पंचिकावत्तेच्या या सुट्या पार्टांच्या बाजारात पाऊल टाकल्यापासून तिचे वडील एका दुकानातून निघून दुसऱ्यात शिरत होते. सगळीकडे ब्रेकच्या पंपाचीच चौकशी. पण कधी टोयोटाच्या, कधी होंडाच्या, एकदा तर शाळेच्या व्हॅनच्या. स्वतःच्या गाडीच्या पंपाचा भाव मात्र त्यांनी अजून कुठेच विचारला नव्हता.

ती आत येऊन वडिलांना हळूच म्हणाली, "तात्ता, आपलीचा विचारा ना."

"विचारायचाय, दुवे," ते लेकीला म्हणाले. "आधी बाजार तर कळू दे."

घरात त्या गाडीला कुणी कंपनीच्या नावाने ओळखत नसे. लोकांच्या गाड्या टोयोटा, निसान; ही फक्त 'आपली'. सिरिसोमांनी ती किरिबतगोडच्या नाक्यावर भाड्याने चालवली होती. नवऱ्या मुली तिच्यातून सासरी गेल्या, आखातात कामाला निघालेल्या बायका तिच्यातूनच रडत विमानतळावर पोचल्या, आणि तुषारी जन्मली तेव्हा इस्पितळातून घरीसुद्धा तिच्यातूनच आली. गावात कुणीही गाडी घ्यायला निघाला की आधी सिरिसोमांकडे यायचा. ते गाडीकडे ढुंकूनही न बघता विचारायचे, "हिच्या क्लचप्लेटचा भाव काढलास का? हेडलाइटचा? आरशाचा? नाही ना? मग जा, चार गाड्यांचे भाव काढून आण. गाडी कुठे पळून जात नाही." शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना न विचारता हौसेने एक फ्रेंच गाडी आणली. पुढे तिचा एक हेडलाइट फुटला आणि तो परदेशातून मागवून येईपर्यंत अख्खा पावसाळा उलटला. तोवर पोरांनी हेडमास्तरांचं नाव 'एकदिवे सर' पाडलं होतं. हा किस्सा सिरिसोम अजूनही प्रत्येक लग्नात एकदा तरी सांगत.

तेव्हा भाव ताडून बघणं ही त्यांची जुनीच सवय. पण लहानपणी तुषारी त्यांच्याबरोबर इथे यायची तेव्हा ते दुकानदाराशी हमरीतुमरीवर येत, मग खो खो हसत आणि पार्ट पिशवीत टाकूनच बाहेर पडत. आज ते भाव ऐकून नुसती मान हलवत होते आणि पुढे चालू लागत होते. ऐकलेला आकडा त्यांच्या डोक्यात राहत होता की नाही, अशीही तिला शंका आली.

माझदाचा भाव ऐकून त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि पायरी उतरले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सिरिसोम सेनुलीला, म्हणजे तुषारीच्या मुलीला, शाळेतून घरी आणत असताना 'आपली' वळणावर थांबायच्या ऐवजी उसळली आणि फुटपाथवर चढून शहाळ्यांच्या ढिगात घुसली. शहाळीवाला सुटे पैसे आणायला पलीकडच्या दुकानात गेला होता, म्हणून वाचला. सेनुली मागच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. तुषारी धावत पोचली तेव्हा वडील फुटलेल्या शहाळ्यांच्या पाण्यात उभे होते आणि जमलेल्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होते, "ब्रेक लागलाच नाही. पंप गेला. पंपच गेला असणार."

गाडी लायनलच्या गॅरेजात गेली. दुसऱ्या दिवशी तुषारी बँकेतून परतताना लायनलने तिला फाटकापाशी थांबवलं. हात पुसायच्या फडक्याची तो उगीच घडी घालत होता.

"ताई, पंप ठणठणीत आहे. मी पुन्हा पुन्हा तपासला. ब्रेक उत्तम लागतात."

"मग?"

"मग काय... पाय ब्रेकवर पडलाच नसेल. शेजारच्या अ‍ॅक्सिलरेटरवर पडला असेल."

"तात्तांना सांगितलंस?"

"मी?" लायनल दचकलाच. "मला स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं, ताई. त्यांना मी हे सांगू? तुम्ही सांगा."

तिनेही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी भात वाढताना ती मनाशी ठरवायची की आज बोलायचंच, आणि समोर वडील खाली मान घालून जेवायला लागले की शब्द परत फिरायचे. तिचा नवरा रुवन म्हणाला, "मी बोलतो. विकून टाकू म्हणतो." ती म्हणाली, "तू अजिबात बोलू नकोस." सिरिसोम दिवसभर ओसरीवर बसून राहत. गाडीची चावी मात्र खिशातच असे. मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की पंप आपणच जाऊन आणायचा, लायनलला त्यातलं काही कळत नाही. जेवताना त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला. "पंप बसू दे. मग पुन्हा मीच येणार तुला न्यायला."

सेनुलीने ताटातला भात बोटांनी एका कडेला सारला आणि आईकडे बघितलं.

त्या बघण्यानेच तुषारीने फोन उचलला. फौझीनानांचं दुकान पंचिकावत्तेत त्यांच्या वडिलांपासूनचं. 'आपली'चा जवळजवळ प्रत्येक पार्ट तिथूनच आलेला.

"नाना, तात्ता पंप घ्यायला येतील. मिळत नाही म्हणून सांगा. माल येणंच बंद झालं म्हणा." आणि तिने सगळी हकिगत सांगितली.

नाना म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाशी मी भावावरून रोज खोटं बोललो. मालाबद्दल कधी नाही बोललो."

"एकदाच, नाना."

"बघतो."

आता त्या 'बघतो'चा अर्थ काय लावायचा, हे तिला सकाळपासून कळत नव्हतं. बापाच्या पाठीमागे आपण हा कट रचला, याचीही लाज वाटत होती. उन्हं चढत चालली होती आणि वडील पुढे चालत होते, थोडे वाकलेले, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. फौझीनानांची गल्ली मागे पडली तरी ते वळले नाहीत.

"तात्ता, चहा घ्यायचा?"

"घेऊ की."

हॉटेलातल्या पोऱ्याने मधे बशीभर माशाचे पाव आणून ठेवले आणि काळा चहा, बरोबर गुळाचे खडे. सिरिसोमांनी एक पाव मोडला, अर्धा मुलीच्या बशीत ठेवला.

"सेनुली अजून व्हॅननेच जाते ना?"

"हो."

"ड्रायव्हर कसा आहे?"

"बाई आहे. मंगलिका. त्या पोस्टाच्या मागे राहते ती."

"सावकाश चालवते?"

"पोरं चिडवतात तिला. सायकलवाले पुढे निघून जातात म्हणून."

सिरिसोम हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. "चांगलंय. चांगलंय." मग चहाचा घोट घेऊन पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. "माझ्याबद्दल काही बोलते का गं ती?"

"आठवण काढते. व्हॅनमध्ये कुणी गोष्टी सांगत नाही म्हणते."

हे खरं होतं. सेनुली आणखीही काही म्हणाली होती, ते तुषारीने सांगितलं नाही.

रुमाल काढायला तिने पिशवी मांडीवर घेतली तेव्हा टेबलाखाली तिची नजर गेली. वडिलांचा उजवा पाय चपलेसकट किंचित पुढे सरकला आणि फरशीवर दाबला गेला. मग टाच तिथेच ठेवून तो डावीकडे वळला आणि पुन्हा दाबला गेला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. वर त्यांचा चेहरा शांत होता. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तुषारीने झटकन नजर वर घेतली आणि उरलेला पाव तोंडात कोंबला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"चल," सिरिसोम म्हणाले. "फौझीकडे जाऊ."

आता तिलाच घाई नको वाटू लागली. "आणखी एखाद्या दुकानात बघायचं असेल तर..."

"नको. कळला बाजार."

फौझीनानांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळकांडी. दोन्ही बाजूंना छताला टेकलेली फळकुटं, त्यावर खोकी, आणि मधोमध स्टुलावर पांढऱ्या टोपीतले नाना.

"या, या सिरिसोमदादा! किती दिवसांनी! मला वाटलं वर पोचलात."

"तुझ्याआधी नाही जाणार. तिथे गर्दीत मला वाट कोण काढून देणार?"

नानांनी तुषारीला खुर्ची सरकवली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

सिरिसोम काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. "ब्रेकचा पंप. टोयोटाचा नवा केवढ्याला?"

"अठरा."

"होंडाचा?"

"बावीस."

"त्या जर्मन गाड्यांचा?"

"तो भाव ऐकायला तुम्हाला आधी बसावं लागेल. खुर्ची तर पोरीला दिली."

दोघं हसले. मग हसू थांबलं. विचारायला दुसरी कुठली गाडी उरली नव्हती. सिरिसोमांनी काउंटरवरची धूळ बोटाने पुसली.

"आणि आपलीचा?"

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तुषारीने खुर्चीचा हात घट्ट धरला. नाना खाली वाकले आणि काउंटरच्या तळातून रंग उडालेलं एक खोकं काढून त्यांनी वर ठेवलं.

"कंपनीचा आहे. कोरा," ते म्हणाले. "गोदाम आवरताना सापडला. हा शेवटचा."

"केवढ्याला?"

"सहा."

"सहा हजार? नव्याचे?"

"आला तेव्हाच्या भावाने देतोय."

एवढा कमी आकडा सबंध सकाळभर, भिजलेल्या जुन्या मालालासुद्धा, कुणी सांगितला नव्हता. तुषारीने नानांकडे बघितलं. नाना फडक्याने काउंटर पुसत होते, पुसलेलाच भाग परत पुसत होते. तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. आता पंप बसणार, फाटकापाशी 'आपली' उभी राहणार, आणि सेनुली दप्तर घेऊन मागच्या सीटवर चढणार. आता आपल्यालाच बोलावं लागणार; इथे, नानांसमोर, नाहीतर आज घरी.

सिरिसोमांनी खोकं उघडलं. तेलकट कागद अलगद सोडवला. पंप हातात घेऊन फिरवून बघितला, तळवा लावून दट्ट्या आत दाबला आणि सोडला. दट्ट्या सुरळीत बाहेर आला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी पंप कागदात ठेवला, कागदाची एकेक घडी पूर्वीच्याच खुणेवर मोडली, खोक्याचं झाकण लावलं आणि खोकं नानांकडे सरकवलं.

"महाग आहे."

"काय?" नानांचं फडकं थांबलं.

"महाग आहे रे."

"दादा, सहा हजार! निसानचा जुना सुद्धा... बरं, पाच द्या. चार द्या. जाऊ दे, तुम्हाला काय द्यायचं ते..."

"नको." सिरिसोमांनी हात पुढे करून नानांचं मनगट धरलं. "कमी करू नकोस."

नाना त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी वर सिरिसोमांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हळूहळू मान हलवली.

"खरंय," ते म्हणाले. "महागच आहे. हल्ली सगळंच महाग झालंय. मी तरी काय करू?"

"तुझा काय दोष?"

"पार्टच परवडत नसतील तर..."

"तर गाडी ठेवू नये," सिरिसोम म्हणाले. "मी सगळ्यांना तेच सांगत आलो."

नानांनी खोकं उचलून खाली ठेवलं. दोघांच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. नाना एकदम मोठ्याने चहा, चहा म्हणून ओरडू लागले आणि सिरिसोम आत्ताच झाला, आत्ताच झाला म्हणत असतानाही स्टूल ओढून बसले. मग नानांच्या गुडघ्यांची चर्चा झाली, हेडमास्तरांच्या गाडीचा किस्सा झाला, आणि तो किस्सा नानांनी बहुधा शंभरदा ऐकला असूनही हसता हसता त्यांना ठसका लागला.

निघताना सिरिसोम नळावर हात धुवायला गेले, तेव्हा नाना तुषारीपाशी आले.

"जमलं नाही गं पोरी. तोंड उघडलं होतं, पण हा माणूस समोर उभा..." त्यांनी हात झटकला. "सबंध आठवडा आरशासमोर घोकत होतो."

"बरं झालं, नाना." तिने डोळे पुसले. "बरं झालं नाही जमलं ते."

बस अर्धी रिकामी मिळाली. तुषारीने वडिलांना खिडकीची जागा दिली. नेहमी बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागची सीट धरत आणि पुढे वाकून त्याच्या चुका काढत. आज मधल्या बाकावर टेकून बसले. वारा लागत होता.

"लायनलला सांग," मधेच ते म्हणाले, "त्याला 'आपली' हवी असेल तर घेऊ दे. बायकोच्या माहेरी जायला यायला होईल त्याला. पुढचा पत्रा तो स्वतः ठोकेल."

"सांगते."

"पंपाला मात्र हात लावू नको म्हणावं." त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "पंप चांगला आहे."

तुषारी तिकिटासाठी सुटे शोधत होती. तिचा हात पिशवीतच राहिला. वडील बाहेर बघत होते. कंडक्टर डोक्याशी येऊन दोनदा नाणं वाजवून गेला, तेव्हा तिने पैसे काढून दिले.

"सांगते, तात्ता," ती पुन्हा म्हणाली.

पुलावर बस अडकली. पुढे कुठेतरी लॉरी बंद पडली होती. लोक उठून वाकून बघू लागले, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सिरिसोमांनी मात्र पुढे काय झालं ते विचारलं नाही. त्यांनी गजाला कपाळ लावलं आणि खाली बघत राहिले. खाली कॅलणी वाहत होती, मातकट, संथ. काठाला वाळूच्या होड्या लागल्या होत्या आणि एक बाई पाण्यात कंबरेइतकी उभी राहून चादर पिळत होती.

"दुवे," ते म्हणाले, "केवढी रुंद आहे गं ही नदी!"

तुषारीला हसू फुटलं. "तात्ता, जन्मभर या पुलावरून गेलात ना तुम्ही? रोज?"

"गेलो की." त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही. "पण मी कुठे बघणार? मी चालवत होतो ना."